शिंगरू आठ-दहा दिवसांनी लंगडतं, सांधा सुजतो: जुन्या कोठ्यात दरवर्षी येणारी अडचण

अडचण अशी. मिनिएचर (म्हणजे बुटक्या जातीची) घोडी रात्री नीट व्याली, सकाळी शिंगरू उभं, पितंय, दोन दिवसांत उड्या मारायला लागलं. सगळे खूश. मग आठव्या-दहाव्या दिवशी बघावं तर एक पाय टेकवत नाही. पुढचा गुडघा किंवा मागच्या पायाचा मधला सांधा लिंबाएवढा सुजलेला, हाताला गरम. दुपारपर्यंत पिणं मंदावतं, कान लोंबतात, ताप चढतो. आमच्याकडे तीन वर्षं हेच झालं. तीन शिंगरं, दोन वेगवेगळ्या घोड्या, कोठा (गोठा) मात्र एकच.

तुमच्या शिंगराचा सांधा आत्ता सुजलेला असेल तर पुढचं नंतर वाचा, आधी डॉक्टरांना फोन करा. आंबेहळदीचा लेप नको, घरातली वेदनाशामक गोळी तर मुळीच नको, लहान शिंगराच्या पोटात तिने अल्सर होतात. "आईचा पाय पडला असेल" हे वाक्यही नको. लंगडणारं तान्हं शिंगरू म्हणजे सांध्यात जंतू शिरलेत, असंच धरून चालायचं. दुसरं काही निघालं तर आनंदच आहे. इथे दिवस नाही, तास मोजावे लागतात.

आता आमची हकीकत. कळमेश्वरच्या बाजूला आमचं वावर आहे, बहुतेक संत्र्याचं. कोठा आजेसासऱ्यांनी बांधलेला, तीन बैलजोड्यांसाठी. सागाचे खांब, वर कवेलू, मातीच्या जाड भिंती, खाली फरशी. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर जातं तेव्हा त्या कोठ्यात बाहेरच्यापेक्षा खरंच गार असतं, म्हणून घोड्यांसाठी वेगळी शेड बांधायचं मनातही आलं नाही. घोड्या दोन, चिमणी आणि बिजली. एक ३२ इंच, दुसरी ३३. मिनिएचरची उंची आयाळीचा शेवटचा केस जिथे संपतो तिथपर्यंत मोजतात, आणि अमेरिकेतल्या मुख्य नोंदणीत ३४ इंचांची मर्यादा आहे. जन्मलेलं शिंगरू जेमतेम दीड फूट उंच आणि आठ-नऊ किलोचं, शेळीच्या करडापेक्षा थोडंसंच मोठं. त्यामुळे घरी येणारा प्रत्येक जण त्याला करडासारखंच उचलायला बघतो. पण ते करडू नाही, घोडाच आहे, आणि घोड्याच्या सगळ्या भानगडी त्याच्या मागे आहेत.

पहिल्या वर्षी आम्ही दोष घोडीला दिला. मागचा पाय सुजला होता, कोठ्यात अंधार, घोडीने तुडवलं असेल असं ठरवून लेप लावला. चौदाव्या दिवशी शिंगरू गेलं.

दुसऱ्या वर्षी कुणीतरी सांगितलं की नाळेतून जंतू जातात. खरं आहे, जातात. म्हणून मी मेडिकलमधून मिळेल ते सगळ्यात कडक आयोडीन आणलं आणि दिवसातून सहा वेळा बेंबीवर ओतलं. कातडी जळली. जळलेली कातडी सडली, आणि जंतूंना मी स्वतःच दार उघडून दिलं. आठव्या दिवशी दोन्ही गुडघे सुजले. त्याला सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं, सांधे धुतले, कित्येक आठवडे अँटिबायोटिक चाललं. ते वाचलं, पण डावा गुडघा आजही पूर्ण वाकत नाही.

तिसऱ्या वर्षी बेंबीचं काम पुस्तकात शोभेल इतकं नीट केलं. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, अर्धा टक्का तीव्रतेचं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. दुकानात क्लोरहेक्सिडिन २ टक्क्यांचंही मिळतं आणि २० टक्क्यांचंही. २ टक्क्यांचं असेल तर एक भाग औषध आणि तीन भाग पाणी. २० टक्क्यांचं असेल तर एक भागाला ३९ भाग पाणी. बाटलीवरचा आकडा न वाचता "एकास तीन" केलंत तर पुन्हा आयोडीनचीच गत. छोट्या वाटीत घेऊन बेंबी बुडवायची, दिवसातून तीन-चार वेळा, पहिले दोन-तीन दिवस. नाळ कात्रीने कापायची नाही, घोडी किंवा शिंगरू उठताना ती आपोआप तुटते. एवढं सगळं केलं, बेंबी सुकून काडीसारखी झाली, आणि तरी सातव्या दिवशी गुडघा फुगला. या वेळी दिवसातून दोनदा थर्मामीटर लावत होते म्हणून सकाळीच १०२.८ सापडलं (तान्ह्या शिंगराचा ताप साधारण ९९ ते १०२ फॅरनहाइटमध्ये असावा), लगेच औषध सुरू झालं आणि शिंगरू धडधाकट राहिलं.

बेंबी साफ होती. मग जंतू शिरले कुठून?

उत्तर कॅमेऱ्यात होतं. त्या वर्षी सिमकार्डवर चालणारा एक स्वस्त कॅमेरा मयालीला बांधला होता. घोड्या बहुधा रात्रीच वितात आणि मी नागपुरात राहते, पोचेपर्यंत सकाळ उजाडलेली असते. रेकॉर्डिंग बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण सकाळी शिंगरू पिताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं. सांधा सुजल्यावर रात्री बसून पाहिलं.

१:४० ला जन्म. २:३० ला चार प्रयत्न फसून पाचव्यात उभं राहिलं. त्यानंतर ते आईच्या पुढच्या पायांत शिरलं, तिथे काही नाही. गव्हाणीच्या खांबाला चोखून पाहिलं. मग भिंतीकडे गेलं आणि भिंत चाटत बसलं, जीभ काढून, अगदी मन लावून. नवं शिंगरू कास शोधतं ते असंच. अंधारी, कोनाड्यासारखी जागा दिसली की तिथे तोंड घालायचं आणि लागेल ते चोखायचं. हे पाच-दहा मिनिटं चाललं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण त्याला आईजवळ जायचं होतं आणि आमचे सालगडी काका त्याला जाऊ देत नव्हते. मधे पोतं धरून उभे. ४:२० ला घोडीची वार (नाळेला जोडलेली गर्भाची पिशवी) पडली आणि मग काकांनी स्वतः, किती प्रेमाने, शिंगराचं तोंड सडाला लावलं.

विचारलं तर म्हणाले, "ताई, वार पडल्याबिगर पाजत नाही ना आपण. गाईले बी असंच करतो. आधी पाजलं तं वार आत राहते."

तीस वर्षं त्यांनी गाई सांभाळल्या, बापाकडून हेच शिकले. मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, कारण असं काही होत असेल हे मलाच माहीत नव्हतं. (गाईंनाही हे बरं नाही, आणि खरं तर उलटं आहे. पिल्लू प्यायला लागलं की घोडीच्या शरीरात जे संप्रेरक सुटतं तेच गर्भाशय आवळतं आणि वार पडायला मदत करतं.)

आता या पावणेतीन तासांचं काय बिघडतं ते सांगते. घोडीच्या पोटात असताना शिंगराला आईकडून रोगप्रतिकाराचे पदार्थ मिळत नाहीत, वारेतून ते पलीकडे जातच नाहीत. जे मिळायचं ते सगळं चिकातून. शिंगराचं आतडं पहिले काही तास चाळणीसारखं उघडं असतं, चिकातले ते मोठे रेणू सरळ रक्तात घेतं. पहिल्या सहा-आठ तासांत सगळ्यात जास्त, बारा तासांनंतर फार कमी, चोवीस तासांनी दार बंद. पण ही चाळणी चीक आणि घाण यांच्यात फरक करत नाही. चिकाआधी भिंतीवरची घाण पोटात गेली तर तिच्यातले जंतूही त्याच वाटेने रक्तात जातात, आणि फिरत फिरत सांध्यांत, वाढत्या हाडांच्या टोकांशी जाऊन बसतात. सूज दिसायला आठवडा लागतो. म्हणून आम्ही दरवर्षी आठव्या दिवसात कारण शोधत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॉर्च घेऊन ती भिंत पाहिली. लोणा लागलेली, पोपडे निघालेली, वरून कबुतरांच्या विष्ठेचे ओघळ. आणि जमिनीपासून बरोबर दीड फुटावर, ताटाएवढ्या जागेत, पोपडे गेलेले आणि माती गुळगुळीत चकचकीत झालेली. त्याच्या शेजारी तसाच एक जुना, वाळलेला डाग होता. तो बहुधा आदल्या वर्षीचा.

त्या शिंगराचं रक्त आम्ही तिसाव्या तासाला तपासलं होतं, डॉक्टरांचा आग्रह होता म्हणून. आयजीजी, म्हणजे चिकातून रक्तात येणारी संरक्षक प्रथिनं, ४०० च्या खाली. हा आकडा मिलिग्रॅम प्रति डेसीलीटरमध्ये येतो. ८०० च्या वर असेल तर चीक पोचला, ४०० च्या खाली असेल तर पोचलाच नाही असं समजायचं. प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग, ज्यात ही प्रथिनं असतात) दिला, पण जंतू तोपर्यंत आत गेलेले. तपासणी १२ ते २४ तासांच्या दरम्यानच करून घ्या. बाराव्या तासाला कमी निघालं तर चीक पाजायला अजून थोडी संधी असते, नंतर फक्त प्लाझ्मा उरतो आणि तो महाग पडतो. गाईचा चीक चालेल का, हे आमच्या घरीही विचारून झालं. पोटाला आधार म्हणून तो नसण्यापेक्षा बरा, पण त्यातली संरक्षक प्रथिनं शिंगराच्या रक्तात फार दिवस टिकत नाहीत. घोडीच्या चिकाची जागा तो घेत नाही.

तर उपाय. सगळ्यात स्वस्त उपाय पहिला: कोठ्याच्या दारावर आतून खडूने लिहिलं, "उभं १ तासात, पिलं २ तासांत, वार ३ तासांत". यातलं एकही चुकलं तर रात्री किती का वाजले असेनात, मला आणि डॉक्टरांना फोन. आणि वारेची वाट न बघता पाजायचं, हे काकांना चहा पिता पिता समजावलं, रेकॉर्डिंग दाखवून. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग इतकी वर्सं वासरं बी..." मी विषय बदलला.

दुसरं, घोडीची धुलाई. सडांच्या टोकांवर मेणासारखे थेंब दिसले की एक-दोन दिवसांत विणार असं धरायचं (सगळ्याच घोड्या हे नियम वाचून येत नाहीत, बिजलीला मेण येतच नाही). तेव्हा कास, मांड्यांची आतली बाजू आणि मागचे पाय कोमट पाण्याने आणि साध्या साबणाने धुऊन कोरडे करायचे. दोन सडांच्या मधल्या खोबणीत काळा, चिकट मळ साचतो, तो बोटाने काढायचा. शिंगराने पहिलं तोंड लावायच्या आत पुन्हा एकदा पुसायचं. मिनिएचरच्या पोटाखाली वाकून हे करणं म्हणजे कंबरेची परीक्षा आहे, पण आमच्या मते बेंबीच्या औषधाइतकंच हे महत्त्वाचं.

तिसरं, कोठा. इथे पैसे गेले. कोपऱ्यातली फरशी उकरली तर खाली काळी माती चिखलासारखी ओली, आणि असा भपकारा आला की काका मागे सरले. बैलांच्या मुताचा उतार पूर्वी ज्या मोरीकडे होता ती मोरी कधीतरी बुजली होती, आणि सगळं वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात मुरत होतं. घोड्या विण्यासाठी तोच कोपरा निवडायच्या, कारण तो सगळ्यात अंधारा. दीड फूट माती काढून टाकली, मुरूम भरून धुमसला, उतार बाहेरच्या बाजूला काढला, वर रबरी मॅट. भिंतीला तीन फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा आणि धुता येईल असा रंग. मोठ्या घोड्याला सहा फूट करावा लागला असता, इथे आपली जनावरं बुटकी असल्याचा फायदा. कबुतरांसाठी कवेलूंखाली जाळी लावली. ती त्यांनी दोन ठिकाणी हरवली आहे, युद्ध चालू आहे.

कोठ्याची हवा तपासायची असेल तर उभं राहून वास घेऊ नका. गुडघ्यावर बसा, नाक जमिनीपासून फूटभर वर आणा आणि पाच मिनिटं थांबा. डोळे चुरचुरले तर शिंगरू तीच हवा दिवसभर घेतंय. आणि त्यावर चुन्याची फक्की मारू नका. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या मारतात, मीही मारली. ओल्या मुतावर चुना पडला की अमोनिया आणखी जोरात सुटतो, शिवाय ओल्या चुन्याने कातडी भाजते ती वेगळी. मूत उचलून बाहेर टाकणं, एवढाच खरा उपाय आहे. जंतुनाशकाचंही तसंच. शेणावर ब्लीचिंग ओतून काही होत नाही, घाणीत त्याचा जोर संपतो. आधी खरवडा, साबणाने धुवा, वाळू द्या, मग औषध.

खाली अंथरायला मौद्याकडून धानाची तणस आणतो. कुटार नको, त्याची धूळ उडते. लाकडाचा भुसाही विताना नको, ओल्या बेंबीला आणि नाकपुड्यांना चिकटतो. बैलांच्या मापाच्या गव्हाणीच्या दांड्यांत शिंगराचं डोकं अडकतं, तिथे फळ्या ठोका. दाराखालची फटही बुजवा.

धनुर्वाताचं राहिलं. जुन्या कोठ्याच्या मातीत त्याचे जंतू असतातच आणि घोड्याइतकं त्याला बळी पडणारं जनावर नाही. विण्याआधी चार ते सहा आठवडे घोडीला लस द्या, म्हणजे चिकातून शिंगरालाही संरक्षण जातं. अर्थात चीक पोटात गेला तर.

चिकाचा दर्जा घरच्या घरी कळतो, आणि संत्रेवाल्यांनो, तुमच्याकडे त्याचं यंत्र आधीच आहे. फळाचा गोडवा मोजायचा तो हातातला ब्रिक्स मीटर. काचेवर चिकाचा एक थेंब टाका. २० ते ३० दाखवलं तर चांगला, ३० च्या वर उत्तम, १५ च्या आसपास किंवा खाली आला तर डॉक्टरांना लगेच सांगा. नंतर काच नीट धुवा, नाहीतर संत्र्याच्या आंबिया बहाराचा आकडा भलताच येईल. आमचे शेजारी यावरून अजून हसतात.

यंदा हा मीटर कामी आला. मार्चमध्ये चिमणी व्याली, चीक २८, शिंगरू पन्नास मिनिटांत प्यायला लागलं, आयजीजी ८०० च्या वर. ते पोटभर प्यायल्यावर तिचा साठ-सत्तर मिली चीक दोनदा काढून डीप फ्रीझरमध्ये ठेवला. अकरा दिवसांनी बिजलीची पाळी. तिचं दूध विण्याआधी दोन दिवस टपकत होतं. असं टपकणारं दूध म्हणजे चीकच वाया जात असतो. व्याल्यावर मोजलं तर १४. चिमणीचा चीक कोमट पाण्यात ठेवून वितळवला (उकळत्या पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये ठेवला तर त्यातली प्रथिनं नासतात) आणि डॉक्टरांनी तो नळीने दिला. बाटलीने स्वतः पाजायला जाऊ नका, मान वर केलेल्या शिंगराच्या फुप्फुसात दूध जायला वेळ लागत नाही. आयजीजी ६४० आलं, म्हणजे मधलं. जागा स्वच्छ, शिंगरू तरतरीत, म्हणून प्लाझ्मा न देता नजर ठेवायची ठरलं.

नजर म्हणजे काय ते थोडक्यात. पहिल्या आठवड्यात निरोगी शिंगरू तासाला पाच-सात वेळा पितं. त्याच्या कपाळावर वाळलेलं दूध दिसलं तर समजा, ते कासेखाली उभं राहतंय पण पीत नाहीये, आणि दूध डोक्यावर टपकतंय. घोडीची कास तट्ट फुगलेली असेल तरी तेच. दर सकाळी-संध्याकाळी सगळे सांधे हाताने चाचपा, दोन्ही बाजू एकदम, म्हणजे फरक कळतो. ताप सकाळी सहाच्या आत मोजा, दुपारी आपल्या उन्हात तो तसाही चढलेला असतो. सातव्या ते चौदाव्या दिवसात बहुतेक शिंगरांना पातळ होतं. ते हुंदडत असेल, पीत असेल आणि ताप नसेल तर शेपूट धुवा आणि व्हॅसलिन लावा. मलूल असेल तर मात्र लगेच डॉक्टर.

दोन्ही शिंगरांनी तीन आठवडे ओलांडले, सांधे सडपातळ आहेत.

बिजली व्याली त्या रात्री मी शेतावरच थांबले होते, पण दिवसभराच्या थकव्याने माझा डोळा लागला. डॉक्टर नळी घालून गेले, त्यानंतर पहाटे काकांनी दार वाजवलं. "ताई, पिलं. सोताहून पिलं. वार अजून पडाची हाय." ती अर्ध्या तासाने पडली. बादलीतून काढून आम्ही ती फरशीवर पँटसारखी पसरली, दोन्ही पायांची टोकं तपासली. एखादं टोक फाटून आत राहिलं तर घोडीला विषबाधा होते. दोन्ही शाबूत होती. काकांनी हात धुतले, मी पुन्हा झोपले.